रॅमचा ताप आणि २२ अंशांची खोली

रॅमच्या स्टिकवर दिवे कशाला लागतात, हे मला आजवर कुणीही समजावून सांगितलेलं नाही. गणपतीच्या मखराला शोभेल अशी सात रंगांत लुकलुकणारी पट्टी, तिच्यावर दातेरी ॲल्युमिनियमचं कवच, कवचावर ड्रॅगन नाहीतर वीज. बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरांत ६०००. मागच्या बाजूला सीएल ३०, १.३५ व्होल्ट, लाइफटाइम वॉरंटी. एक आकडा मात्र शोधून सापडत नाही: ही वस्तू या ६००० च्या वेगाने पळताना किती गरम झालेली चालते, आणि कुठल्या अंशाला चुका करायला लागते? अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीवरसुद्धा किती अंशांखाली ठेवा ते छापलेलं असतं, राव. इथे दहा-पंधरा हजार मोजून बोळवण दिव्यांवर.

माझी तक्रार सरळ आहे. रॅमच्या तापमानाबद्दल आपल्यापर्यंत जे काही पोचतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी एसी लावलेल्या खोलीतलं असतं. आपली खोली त्या हिशेबात धरलेलीच नाही. आणि त्यामुळे मशीन बंद पडायला लागलं की दोष जातो खुर्चीत बसलेल्या पोराकडे.

आधी थोडं रॅमच्या पोटात शिरू. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार. हा कपॅसिटर गळका असतो. म्हणून गळक्या रांजणात पाणी भरत राहावं तसं मशीन दर काही मिलिसेकंदांनी प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरतं. डीडीआर४ मध्ये सगळ्या ओळी ६४ मिलिसेकंदांत एकदा भरून व्हाव्या लागतात, डीडीआर५ मध्ये ३२. याला रिफ्रेश म्हणतात. तापमान वाढलं की गळती वाढते, म्हणून जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा नियम असा की चिप ८५ अंशांच्या वर गेली तर रिफ्रेश दुप्पट वेगाने करा. उलट बाजूनेही हे सिद्ध झालेलं आहे. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी रॅमवर उलट्या धरलेल्या डब्यातून गार फवारा मारला आणि वीज बंद केल्यावरही त्यातली माहिती कित्येक मिनिटं टिकते हे दाखवलं. त्यातून एन्क्रिप्शनच्या किल्ल्यासुद्धा काढल्या. थंड रॅम जास्त लक्षात ठेवते आणि गरम रॅम लवकर विसरते. यात मतमतांतराला जागा नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो ऑफिसात शिकल्यासवरलेल्या लोकांकडूनही ऐकला आहे. 'क्रोमचे चाळीस टॅब उघडेत, रॅम ९० टक्के भरली, म्हणून तापली.' नाही. भरलेली रॅम आणि रिकामी रॅम यांच्या तापमानात सांगण्यासारखा फरक नसतो. रिफ्रेश दोन्हीकडे चालूच असतो. ताप येतो तो ये-जा केल्याने, म्हणजे वाचण्या-लिहिण्याच्या वर्दळीने. आणि ती वर्दळ कितीही झाली तरी साध्या पीसीतली एक स्टिक काही मोजके वॅटच खाते. शेजारी प्रोसेसर शंभर-सव्वाशे खात असतो, ग्राफिक्स कार्ड दोनशेच्या घरात. म्हणजे रॅम स्वतः फार तापट नाही. ती तापट लोकांच्या मधोमध राहते, एवढंच.

हे मी मोजून बोलतो आहे. डीडीआर५ च्या प्रत्येक स्टिकवर मधोमध एक छोटी चिप असते आणि तिच्यात तापमानाचा सेन्सर असतो. डीडीआर४ मध्ये तो ऐच्छिक होता, म्हणून घरगुती वापराच्या बहुतेक स्टिकांत कंपन्यांनी बसवलाच नाही. डीडीआर५ मध्ये मानकातच आला. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर तो आकडा दाखवतं, लिनक्सवर कर्नेल ६.११ पासून त्याचा ड्रायव्हर आहे. सोबत खोलीसाठी एक स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर. बस, एवढीच सामग्री.

वाकडला मी वरच्या मजल्यावर राहतो. एप्रिलच्या संध्याकाळी खोली ३३ अंश. पीसी नुसता चालू, रॅम ४४. कामाचा दिवस, म्हणजे एडिटर, डॉकरचे चार कंटेनर, ब्राउझर आणि न संपणारा व्हिडिओ कॉल: ४७. मग मेमरीला मुद्दाम पिळून काढणारी टेस्ट अर्धा तास लावली: ५४. इथपर्यंत सगळं अपेक्षित. आता ती टेस्ट बंद करून रॅम थोडी गार होऊ दिली आणि सायबरपंक २०७७ लावला. तासाभराने रॅम ६१.

हा आकडा नीट पाहा. रॅमला छळण्यासाठीच लिहिलेल्या प्रोग्रॅमपेक्षा गेमने ती सात अंशांनी जास्त तापवली, आणि गेममध्ये रॅमवरची वर्दळ त्या टेस्टपेक्षा कमी असते. कारण उघड आहे. टेस्टच्या वेळी ग्राफिक्स कार्ड झोपलेलं होतं. गेममध्ये ते दोनशे वॅटची शेगडी होऊन कॅबिनेटच्या पोटात गरम हवा सोडत होतं, आणि ती हवा वर चढताना वाटेत रॅम लागते. हल्लीच्या बऱ्याच कार्डांत तर मागचा भाग आरपार उघडा असतो; कार्ड गार राहतं, पण त्याचा उच्छ्वास थेट वर जातो. त्यात प्रोसेसरला पाण्याचा कूलर लावला असेल तर आणखी मजा. जुना हवेचा कूलर निदान शेजारच्या रॅमवरून हवा ओढायचा. तो गेला आणि प्रोसेसर गार झाला, पण रॅमच्या वाट्याचा वारा बंद पडला. त्या कूलरच्या जाहिरातीत प्रोसेसरचं तापमान किती उतरलं ते असतं, शेजारणीचं किती चढलं ते नसतं.

हाच गेम, हीच सेटिंग, डिसेंबरात खोली २३ अंश असताना लावला तेव्हा रॅम ५० वर थांबली होती. म्हणजे खोलीच्या वर २७ तेव्हा, २८ आता. खोली दहा अंशांनी चढली तर रॅमही साधारण तेवढीच चढते. यात काही शोध नाही, बारावीचं फिजिक्स आहे. पण याचा अर्थ असा की 'गेमिंगमध्ये रॅम ५० अंश' हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या खोलीत, हे सांगितल्याशिवाय त्याला काडीची किंमत नाही. आणि रिव्ह्यू करणारे काय करतात? जे प्रामाणिक आहेत ते खोलीचं तापमान लिहितात, ते २०-२२ च्या आसपास असतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, त्यांच्या गावचं हवामानच तसं. माझा राग आपल्याकडच्या मराठी-हिंदी चॅनेलवाल्यांवर आहे. मे महिन्यात, बाहेर ४२, एसीचा आवाज माइकमध्ये ऐकू येतोय, आणि साहेब सांगताहेत, 'टेम्परेचर एकदम कंट्रोलमध्ये आहे, मित्रांनो'. कुणाच्या कंट्रोलमध्ये? एसीचं बिल भरणाऱ्याच्या.

आता अकोल्याला चला. माझा मामेभाऊ तिथे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. विदर्भाचा मे माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: पारा ४५ च्या पुढे जाणं ही तिथे बातमी नसते. घरात एकच मोठा कूलर, वाळ्याचे टट्टे लावलेला, आणि तो हॉलमध्ये. पोराची खोली मागे, पश्चिमेच्या भिंतीची. त्याने स्कॉलरशिपचे आणि मामाकडचे पैसे मिळून असेंबल केलेला पीसी मार्चपर्यंत मस्त चालला. एप्रिलच्या मध्यापासून दुपारी गेम लावला की वीस मिनिटांत निळा स्क्रीन. कधी गेमच गायब. कधी कॉलेजच्या प्रोजेक्टची फाइल उघडेना.

दुकानदाराने पहिल्यांदा 'व्हायरस' म्हणून विंडोज मारून दिली. पाचशे रुपये. आठवड्याने पुन्हा तेच, पुन्हा विंडोज, पुन्हा पाचशे. तिसऱ्यांदा 'एसएमपीएस गेलाय' म्हणून नवा पॉवर सप्लाय गळ्यात मारला. रॅम तपासली का, तर हो, तपासली: दुकानाच्या एसीत, रात्रभर, मेमटेस्ट लावून. पास! पास होणारच. तो प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालतो, ग्राफिक्स कार्डाला हातही लावत नाही, आणि ज्या तापमानाला रॅम चुका करते ते तापमान त्या दुकानात कधी येतच नाही. दुपारी तीनला उन्हात चक्कर येते म्हणणाऱ्या माणसाला पहाटे चारला तपासून ठणठणीत असल्याचा दाखला द्यावा, तसला प्रकार.

आणि घरात? घरात निकाल कधीच लागला होता. 'चोवीस तास गेम खेळशील तर जळणार नाही तर काय होईल.' मामा पीसी विकायच्या गोष्टी करू लागले. पोरगं इतकं ओशाळलं होतं की मी फोनवर विचारलं तर म्हणालं, दादा, माझ्याच हातून काहीतरी झालं असेल. हे वाक्य ऐकल्यावर मला हा लेख लिहावासा वाटला. लाखाच्या आसपासची वस्तू तिच्या जाहिरातीत दाखवलेलं काम करत असताना बंद पडते, आणि माफी मागतो तो गिऱ्हाईक.

दुसऱ्या शनिवारी मी गेलो, थर्मामीटर घेऊन. दुपारी तीन, खोली ३९ अंश. गेम लावला, रॅम चढत चढत ६९ वर गेली आणि निळा स्क्रीन. बायोसमध्ये जाऊन रॅम तिच्या मूळ वेगावर आणली, तोच गेम, तीच दुपार, दोन तास: काही नाही. पुन्हा ६००० वर नेली: पंचवीस मिनिटांत आडवी. रात्री साडेबाराला, हॉलमधला कूलर त्या खोलीकडे वळवून, ६००० वरच पुन्हा गेम: पहाटेपर्यंत ठणठणीत. रविवारी सगळं परत करून पाहिलं, तसंच झालं. मग पुढच्या काचेमागे एक पंखा बसवला, वेग ५६०० केला, पाण्याच्या कूलरचा रेडिएटर हलवला. रॅम ६० वर आली आणि तिथेच राहिली. एक साधा पंखा. पॉवर सप्लायच्या किमतीत असे दहा आले असते.

'मूळ वेग' म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण खरी चलाखी तिथेच आहे. कुणी म्हणेल, जेडेकचा नियम तर ८५ अंशांचा, मग ६९ ला रॅम आडवी का झाली? कारण ते ८५ जेडेकच्या वेगासाठी आहेत. बॉक्सवर ६००० छापलेली ती स्टिक पहिल्यांदा लावली की ४८०० वर किंवा ५६०० वर चालते, १.१ व्होल्टवर. ६००० मिळवायला बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो नावाचं बटण दाबावं लागतं. त्याने व्होल्टेज चढतं, वेळेचं गणित आवळलं जातं, आणि गळक्या रांजणासाठी ठेवलेली मोकळीक कमी होते. तांत्रिक भाषेत हे ओव्हरक्लॉकिंग आहे. प्रोसेसर कंपन्यांच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की याने वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो. म्हणजे जाहिरात ६००० ची, पैसे ६००० चे, आणि हमीचा प्रश्न आला की 'तुम्ही बटण दाबलंत ना?' किती अंशांपर्यंत ६००० टिकेल, हे कंपनीला नक्की माहीत असतं. स्टिका चाचणी करूनच छाटतात आणि वेगवेगळ्या नावांनी विकतात. तो आकडा त्यांच्या चाचणीच्या कागदावर आहे, आपल्या बॉक्सवर नाही.

मित्राला हे सगळं सांगितलं तर त्याने गुगलचा अभ्यास तोंडावर फेकला. फेकू दे, मला तो आवडतो. २००९ मध्ये गुगलच्या आणि टोरंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी गुगलच्या सर्व्हरांची अडीच वर्षांची नोंद तपासली. वर्षभरात जवळपास एक तृतीयांश मशीनमध्ये मेमरीची निदान एक तरी चूक आढळली, आधी लोक मानत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि तापमानाचा परिणाम? आश्चर्य वाटावं इतका कमी. मशीनवर कामाचा बोजा किती, त्याचा जास्त. मग रॅमच्या तापाबद्दल गळा काढण्यात काय अर्थ?

अर्थ आहे. ते सर्व्हर हवेचं तापमान राखलेल्या हॉलमध्ये होते. त्यांना अकोल्याची पश्चिमेची भिंत नव्हती, डोक्याखाली गेमचं ग्राफिक्स कार्ड नव्हतं, आणि कुणी बटण दाबून त्यांचा वेग चढवला नव्हता. थंड खोलीत तापमानाचा फरक पडत नाही, यावरून तापलेल्या खोलीत पडत नाही असं कसं ठरतं? पण मला त्या अभ्यासातली दुसरीच गोष्ट जास्त बोचते. त्यांना चुका मोजता आल्या, कारण त्या सर्व्हरांत ईसीसी रॅम होती, म्हणजे चूक पकडणारी, दुरुस्त करणारी आणि तिची नोंद ठेवणारी. आपल्या पीसीत ती नसते. म्हणून आपल्याकडे किती चुका होतात याचा हिशेबच नाही, आणि हिशेब नाही म्हणून तक्रारीला पुरावा नाही. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत एक छोटी दुरुस्ती असते, ती दाखवून विक्रेते 'ईसीसी आहेच की' म्हणतात. ती चिपच्या आतली एका बिटाची चूक गुपचूप सावरते, चिपच्या बाहेरच्या प्रवासाला हात लावत नाही, आणि आपल्याला काही कळवतही नाही.

खरी ईसीसी सर्व्हर आणि महागड्या वर्कस्टेशनपुरती राखून ठेवली, याबद्दल लिनस टॉरवाल्ड्सने जानेवारी २०२१ मध्ये इंटेलवर जाहीर तोफ डागली होती. पुढच्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या साध्या रॅमच्या मशीनची मेमरी बिघडली आणि लिनक्सच्या ऐन गर्दीच्या दिवसांत त्याला लॅपटॉपवर काम हाकावं लागलं. साध्या प्रोसेसरांपैकी एएमडीच्या काहींवर ईसीसी चालते, तीही मदरबोर्डच्या मर्जीने. लॅमिंग्टन रोडवर जाऊन मागून बघा, दुकानदार तुमच्याकडे कसा बघतो ते.

तुम्ही हे बहुधा फोनवर वाचताय आणि म्हणत असाल, आमच्याकडे पीसीच नाही. फोनची गोष्ट तर त्याहून भारी. बऱ्याच फोनांत रॅमची चिप प्रोसेसरच्या डोक्यावरच चिकटवलेली असते, तव्यावर भाकरी टाकावी तशी. त्या रॅमला स्वतःचं तापमान कळतं. ती मेमरी कंट्रोलरला सांगते की आता रिफ्रेश वाढव. म्हणजे तुम्ही गच्चीवर बीजीएमआय खेळत असताना फोनच्या आत हा संवाद चालू असतो. फक्त तुम्हाला त्यात घेतलेलं नाही. तुम्हाला बॅटरीचं तापमान दाखवतात, आणि 'रॅम बूस्टर' नावाची ॲप, जी रॅम रिकामी करून फोन 'थंड' करण्याचा दावा करतात. वर सांगितलंच, भरलेपणाचा आणि तापाचा संबंध नाही.

पीसीतली गंमत अशी की रॅमचे दिवे आणि रॅमचा थर्मामीटर यांच्याशी मशीन एकाच वाटेने बोलतं. म्हणूनच दिव्यांचं सॉफ्टवेअर आणि तापमानाचं सॉफ्टवेअर एकदम चालू केलं की कधी कधी दोघांची टक्कर होते. दिव्यांसाठी कंपनीने तीनशे मेगाबाइटचं, इंद्रधनुष्याच्या सोळा चालींचं, लॉगिन मागणारं सॉफ्टवेअर दिलेलं आहे. तापमानासाठी आपण तिऱ्हाईताचं फुकट सॉफ्टवेअर शोधायचं. आणि लॅपटॉप असेल तर बऱ्याचदा तेही नाही, तिथे सोल्डर केलेल्या रॅमचा आकडा दिसतच नाही.

मला फार काही नको. बॉक्सवर ६००० च्या खाली एक ओळ हवी: इतक्या अंशांपर्यंत. लॅपटॉपवाल्यांनी जो सेन्सर आत आहे त्याचा आकडा बाहेर दाखवावा. दुरुस्ती करणाऱ्याने 'व्हायरस' म्हणण्याआधी एक्सएमपी बंद करून दुपारी एकदा गेम लावून पाहावा. त्याला पाच मिनिटं लागतात आणि पाचशे रुपये लागत नाहीत. आणि चॅनेलवाल्या दादांनो, तुम्हाला एकच विनंती. पुढचा रिव्ह्यू कराल तेव्हा चंद्रपूर, अकोला, जळगाव, कुठेही, मे महिन्यात, दुपारी तीनला करा. एसी बंद. शेजारी दोनशे रुपयांचा थर्मामीटर कॅमेऱ्यात दिसेल असा ठेवा, आणि गेम तासभर चालू द्या. मग सांगा, मित्रांनो, टेम्परेचर किती आहे.